होडीचा तोल आणि मागे टांगलेले इंजिन

नौपाड्यातल्या मुलांना होडी पाहायला समुद्रावर जावे लागत नाही. मासुंदा तलाव हाकेच्या अंतरावर आहे, आणि ठाण्याची खाडीही फार लांब नाही. तलावपाळीवर होडीत बसलेल्या कोणत्याही मुलाला एक अनुभव आलेला असतो. होडीत चढताना पाय काठावर पडला तर होडी एकदम कलते आणि छातीत धस्स होते. तोच पाय मधोमध पडला तर होडी फक्त किंचित खाली जाते. म्हणून तर होडीवाला ओरडतो, "एकेक जण या, मधे पाय ठेवा!"

वजन तेच, पाय तोच, मग परिणाम वेगळा का? सातवी-आठवीच्या वर्गात तरफ शिकवताना हा प्रश्न जरूर विचारावा. याच प्रश्नाच्या उत्तरावर पुढे एक मोठी व्यावहारिक गोष्ट उभी आहे : शिडाच्या लहान होडीला इंजिन कसे बसवावे?

शिडाच्या होडीची अडचण

शीड वाऱ्यावर चालते आणि वारा आपल्या हातात नसतो. ठाण्याच्या खाडीसारख्या उथळ, गाळाच्या पाण्यात ओहोटी लागली आणि वारा पडला, की होडी जिथल्या तिथे रुतून बसते. वल्ही मारून प्रवाहाविरुद्ध जाणे कठीण. अशा वेळी मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन उपयोगी पडते. यालाच आउटबोर्ड इंजिन म्हणतात. इंजिन, उभा दांडा आणि पाण्यातला पंखा असा सगळा संच एकत्र असतो. हवे तेव्हा बसवावा, नको तेव्हा काढून घरी न्यावा.

अमेरिकेत ओल एव्हिनरूड याने १९०९ पासून अशी इंजिने विकायला सुरुवात केली. त्याच्या इंजिनाची शक्ती दीड अश्वशक्ती होती आणि वजन सुमारे २८ किलो. आज जवळपास तेवढ्याच वजनात, म्हणजे २५ ते २७ किलोत, पाच अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन मिळते. आपल्याकडे मासेमारी नौकांची गणना करतानाही बाहेरून इंजिन लावलेल्या नौकांचा एक स्वतंत्र वर्ग धरतात. आतमध्ये पक्के इंजिन असलेल्या नौका वेगळ्या आणि निव्वळ शीड-वल्ह्यांच्या नौका वेगळ्या.

इंजिन हलके आणि सोयीचे खरे, पण ते टांगायची जागा होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला असते. तोलाच्या दृष्टीने हीच जागा सगळ्यांत अवघड आहे.

तरफेचा नियम, पाण्यावर

तरफेत टेकूपासून भार जितका दूर, तितका त्याचा परिणाम जास्त. वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. सी-सॉवर लहान मूल टोकाला आणि मोठा माणूस टेकूजवळ बसला तरी तोल साधतो, तो यामुळेच.

होडीला लाकडी टेकू नसतो, पण तीसुद्धा एका रेषेभोवती पुढेमागे झुलते. होडीने पाण्याच्या पृष्ठभागावर व्यापलेल्या आकाराचा जो मध्य, तोच हा टेकू. लहान होडीत तो साधारण मध्यावर, बहुधा किंचित मागे असतो. पाण्याचा टेकू लाकडासारखा कडक मात्र नसतो. होडी मागे झुकली की तिचा मागचा भाग जास्त बुडतो, तिथले पाणी जास्त जोराने वर ढकलते आणि काही कोनानंतर नवा तोल साधतो. म्हणून वजन चुकीच्या जागी असले तरी होडी लगेच उलटत नाही. ती वाकडी तरंगते. चूक लक्षात येत नाही ती यामुळेच.

आता आकडे घालून पाहू. चार मीटर लांबीची शिडाची होडी घ्या. डोलकाठी आणि शिडासह तिचे वजन १३० किलो, आत ६० किलोची दोन माणसे, २६ किलोचे इंजिन, १२ किलोचे पेट्रोल आणि टाकी, १२ किलोचा नांगर आणि साखळी. एकूण ३०० किलो. पाण्याच्या पातळीला ही होडी साधारण ३.३ चौरस मीटर जागा व्यापते असे धरू.

इंजिन होडीच्या बरोबर मध्यावर ठेवले तर काय होईल? आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार होडी आणखी २६ लिटर पाणी बाजूला सारेल. २६ लिटर पाणी ३.३ चौरस मीटरवर पसरले तर थराची जाडी होते जेमतेम ८ मिलिमीटर. म्हणजे होडी करंगळीच्या जाडीइतकीही खाली जाणार नाही.

तेच इंजिन मागच्या फळीला टांगले तर? अशा आकाराच्या होडीचे गणित केले तर नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि पिछाडी यांच्या पातळीत सुमारे सात-आठ सेंटीमीटरचा फरक पडतो. वजन एका ग्रॅमनेही वाढलेले नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे.

साथीदाराने बसावे कुठे?

आता सुकाणू धरणारा मध्यापासून १.२ मीटर मागे बसला आहे आणि इंजिन २.१ मीटर मागे टांगलेले आहे असे समजा. रिकामी होडी सपाट तरंगते असेही धरू. मागच्या बाजूची परिबले अशी :

इंजिन : २६ × २.१ = ५४.६
सुकाणूवाला : ६० × १.२ = ७२
एकूण : १२६.६

हे सगळे पुढे बसलेल्या ६० किलोच्या साथीदाराने एकट्याने पेलायचे म्हटले तर त्याने मध्यापासून १२६.६ ÷ ६०, म्हणजे २.११ मीटर पुढे बसले पाहिजे. पण होडीचे पुढचे टोकच मध्यापासून दोन मीटरवर आहे! बिचाऱ्याला होडीच्या बाहेर, पाण्यावर बसावे लागेल.

मुलांना इथे थांबवून उपाय विचारावेत. बहुतेक वर्गांत कोणीतरी "पुढे दगड ठेवा" असे म्हणतोच. ते चूक नाही. गलबतांच्या तळाशी तोलासाठी दगडमाती भरायची पद्धत जुनीच आहे, तिला नीरम असा शब्दही आहे. पण आधीच भरलेल्या लहान होडीत नुसते ओझे वाढवण्यापेक्षा असलेले सामान हलवणे शहाणपणाचे.

सुकाणूच्या दांड्याला जोडदांडी लावली तर सुकाणूवाला ०.७ मीटरपर्यंत पुढे सरकू शकतो. त्याचे परिबल ४२ वर येते. पेट्रोलची टाकी इंजिनाजवळ न ठेवता लांब नळीने जोडून, हवा खेळती राहील अशा जागी मध्यापासून १.२ मीटर पुढे ठेवली तर ती पुढच्या बाजूला १४.४ देते. नांगर आणि साखळी नाळेजवळ १.६ मीटरवर ठेवली तर १९.२ मिळतात. आता मागे ५४.६ + ४२ = ९६.६ आणि पुढे ३३.६. उरलेले ६३ साथीदाराने भरून काढायचे, म्हणजे तो १.०५ मीटर पुढे बसला की झाले. तेवढी जागा होडीत असते. पेट्रोल संपत जाईल तसे हे गणित थोडे बदलते, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

मोठे इंजिन घ्यावे का?

"इंजिन जितके मोठे तितके चांगले" असे पुष्कळांना वाटते. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या बाबतीत हे खरे नाही. चालताना होडी स्वतःच लाट निर्माण करते आणि वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढत जाते. लाट होडीइतकी लांब झाली की नाळ लाटेच्या माथ्यावर आणि पिछाडी मागच्या खळग्याकडे, अशी स्थिती येते. पुढे वेग वाढवायचा म्हणजे स्वतःच्याच लाटेचा चढ चढायचा. ढोबळ नियम असा की पाण्यातल्या लांबीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ४.५ ने गुणले की ताशी किलोमीटरमध्ये ही मर्यादा मिळते. आपल्या होडीची पाण्यातली लांबी ३.६ मीटर आहे. म्हणून वेग ताशी सुमारे साडेआठ किलोमीटर. तिथवर जायला तीनशे किलोच्या होडीला दोन-तीन अश्वशक्ती पुरतात. त्याहून जास्त शक्ती लावली तर पिछाडी आणखी खाली बसते आणि पेट्रोल वाया जाते.

अडीच अश्वशक्तीच्या इंजिनाचे वजन १३ ते १८ किलो असते. १५ किलो धरले तर त्याचे परिबल ३१.५. वरच्याच मांडणीत साथीदार आता अवघा ६७ सेंटीमीटर पुढे बसला तरी चालते. लहान इंजिनाने वेग फारसा कमी होत नाही, पण होडी सरळ तरंगते.

विजेवर चालणाऱ्या इंजिनांनी आणखी एक सोय केली आहे. मागे टांगायचा भाग हलका असतो आणि जड बॅटरी पुढे ठेवता येते. म्हणजे बॅटरीच नीरमाचे काम करते. ती घट्ट बांधलेली मात्र हवी.

पिछाडी बुडाल्याने बिघडते काय?

पहिली गोष्ट, मागची सपाट फळी पाण्यात बुडाली की तिच्यामागे भोवरे उठतात आणि होडी जणू पाणी ओढत चालते. दुसरी गोष्ट शिडाची. वारा शिडाला ज्या बिंदूत ढकलतो आणि पाणी होडीच्या बुडाला ज्या बिंदूत अडवते, ते दोन बिंदू जवळजवळ एका रेषेत असावे लागतात. पिछाडी खोल गेली की पाण्याच्या विरोधाचा बिंदू मागे सरकतो. उचललेली नाळ वाऱ्याने ढकलली जाते. वाऱ्याच्या दिशेकडे होडी वळवायला जावे तर ती वळता वळता अडते.

तिसरी गोष्ट धोक्याची आहे. मागून लाट आली, किंवा वेगात असताना इंजिन एकदम बंद केले, तर होडीचीच मागची लाट तिला गाठते आणि बुटक्या फळीवरून आत शिरते. आत आलेले पाणी मागेच साठते, पिछाडी आणखी खाली जाते, आणि पुढच्या लाटेला आत यायला वाट मोकळी होते.

इंजिन अडकवताना

उंची : पंख्याच्या थोडे वर एक आडवी चपटी पट्टी असते. ही पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा दोन-तीन सेंटीमीटर खाली यावी. इंजिन फार वर बसले तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतेच गरगरते आणि थंड करणारे पाणी आत न गेल्याने तापते. फार खाली बसले तर पाण्याचा अडथळा वाढतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी मागच्या फळीची उंची मोजावी. सामान्यतः ३८ सेंटीमीटरच्या फळीला शॉर्ट शाफ्ट आणि ५१ सेंटीमीटरच्या फळीला लाँग शाफ्ट इंजिन लागते. शिडाची होडी लाटांवर पुढेमागे डोलते आणि पंखा पाण्याबाहेर येऊ शकतो, म्हणून तिला लांब दांडा बरा.

कोन : होडी तरंगत असताना पंख्याचा रेटा पाण्याला समांतर असावा. दांड्याचे खालचे टोक फळीच्या बाजूला आत ओढलेले असेल तर नाळ खाली दबते. बाहेर गेलेले असेल तर नाळ वर उचलते. कोन बदलण्यासाठी पिन आणि भोके असतात. पण वजनाची चूक कोनाने झाकू नये.

फळी : पंखा होडीला खालून पुढे रेटतो, तेव्हा फळीचा वरचा काठ मागे ओढला जातो. ही तरफच आहे. म्हणून फळी पातळ असेल तर दोन्ही बाजूंनी लाकडी पाट्या लावून ती जाड करावी आणि आतून आधार द्यावा. पकडीचे स्क्रू हाताने घट्ट आवळावेत, थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत, आणि इंजिन दोरीने किंवा साखळीने होडीला वेगळे बांधून ठेवावे. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असावी.

बाजू : मध्यभागी सुकाणू असेल तर इंजिन बाजूला घ्यावे लागते. दोन्ही टोके निमुळती असलेल्या होडीला तर मागे सपाट फळीच नसते. तिथे बाजूला आधार बांधावा लागतो. २६ किलोचे इंजिन मध्यरेषेपासून ३० सेंटीमीटर उजवीकडे गेले तर परिबल ७.८. सुकाणूवाला १३ सेंटीमीटर डावीकडे सरकला की हिशोब मिटतो. पण रेटा एका बाजूने असल्याने होडी दुसऱ्या बाजूला वळू पाहते, ते सुकाणूने सांभाळावे लागते.

शीड उभारल्यावर इंजिन बंद करून वर कलवावे. उथळ गाळात तर ते आधीच उचलावे, नाहीतर पाण्याऐवजी चिखल आत ओढला जातो.

आडवा तोल

आतापर्यंत आपण पुढे-मागे तोल पाहिला. होडी अरुंद असते, म्हणून डावी-उजवीकडचा तोल जास्त नाजूक. मालवण-रत्नागिरीकडच्या मच्छीमारांनी यावर काढलेला उपाय म्हणजे उलांडी. होडीपासून दूर, आडव्या दांड्यांना बांधलेला एक लाकडी ओंडका. होडी त्याच्याकडे कलली तर ओंडका बुडू लागतो आणि पाणी त्याला वर ढकलते. उलट कलली तर ओंडक्याचे वजन तिला खाली ओढते. ओंडका फार जड नसतो, पण तो दूर असतो. वजन किती यापेक्षा वजन कुठे, हे सूत्र या होडीत डोळ्यांना दिसते.

तिसरी दिशा उंचीची. होडी कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वरचा रेटा कललेल्या बाजूला सरकतो. हा रेटा होडीला परत उभी करतो. मात्र गुरुत्वमध्य फार वर नसेल तरच. किती वर चालेल त्या मर्यादेला मेटासेंटर म्हणतात. फ्रान्सच्या पिएर बूगेर याने १७४६ मध्ये ही कल्पना मांडली. आपल्या तीनशे किलोच्या होडीतली दोन्ही माणसे एकदम उभी राहिली आणि प्रत्येकाचा गुरुत्वमध्य ४० सेंटीमीटर वर गेला, तर सगळ्या होडीचा गुरुत्वमध्य १६ सेंटीमीटर वर जातो.

हे गणित माहीत नव्हते तेव्हाही माणसे परीक्षा घेत होती. स्वीडनच्या 'वासा' या युद्धनौकेवर तीस खलाशांना एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावायला लावले. नौका इतकी डोलू लागली की तिसऱ्या फेरीनंतर परीक्षाच थांबवली. नौका मात्र तशीच निघाली आणि १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली. परीक्षेने उत्तर दिले होते, ते कोणी ऐकले नाही.

वर्गातला प्रयोग

साहित्य : श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा रिकामा लांबट डबा, पाण्याने भरलेली परात किंवा टब, पेन्सिल सेल, एकाच प्रकारची दहा-बारा नाणी, पट्टी, पेन.

१) डबा पाण्यावर ठेवून दोन्ही टोकांना पाण्याची रेघ आखा. सेल मध्यावर ठेवा, पुन्हा रेघा आखा. मग सेल मागच्या काठाजवळ ठेवून रेघा आखा. दोन्ही वेळचा फरक मोजा.

२) सेल मागेच ठेवून नाणी पुढच्या भागात ठेवा आणि डबा सपाट करा. आधी सगळी नाणी टोकाला, मग मध्याजवळ ठेवून किती लागतात ते मोजा. नाण्यांची संख्या × अंतर हा गुणाकार प्रत्येक वेळी जवळपास सारखा येतो का?

३) डब्यात अर्धा सेंटीमीटर पाणी ओता आणि डबा हलकेच कलवा. आतले पाणी कललेल्या बाजूलाच धावते आणि तोल आणखी बिघडवते. होडीत आलेले पाणी लगेच का उपसावे, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

माणूस हेही सरकणारे वजन

इंजिन एकदा बांधले की जागचे हलत नाही. माणसे हलतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेच्या तडाख्याने बोट कलली तेव्हा घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असे सांगितले जाते. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळच्या समुद्रात शाळकरी मुलांची बोट उलटून तीन मुलींचा मृत्यू झाला. मुले एका बाजूला जमली होती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. तिच्यात मुलांबरोबर शिक्षिकाही गेल्या.

चाळीस किलोची दहा मुले मध्यरेषेपासून एक मीटर सरकली की परिबल होते चारशे. आपण ज्या इंजिनाची इतकी चिंता केली, त्याचे होते ५४.६.

सहलीत होडीत चढण्यापूर्वी शिक्षकांनी चार गोष्टी पाहाव्यात. होडीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त मुले चढवू नयेत. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट असावे, आणि ते बांधलेले असावे. दोन्ही बाजूंना सारखी मुले बसवावीत. आणि फोटोसाठी असो वा पक्षी पाहण्यासाठी, कोणीही उठून दुसऱ्या काठाला जाऊ नये. ही शेवटची सूचना नुसती हुकूम म्हणून दिली तर मुले पाच मिनिटांत विसरतात. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात डबा आणि नाणी घेऊन प्रयोग करा. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने नाणी एका काठाला सरकवून डबा बुडवला आहे, तो होडीत जागचा हलणार नाही.